काचेपलीकडची श्रीमंती : एका माहितीपटाच्या निमित्ताने

‘स्कॅटर माय अ‍ॅशेस अ‍ॅट बर्गडॉर्फ्स’ हा माहितीपट २०१३ साली आला. मॅथ्यू मिएली त्याचे दिग्दर्शक. नावाचा सरळ अर्थ, ‘माझी राख बर्गडॉर्फमध्ये विखुरा’. हे नाव न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध साप्ताहिकातील व्यंगचित्रावरून घेतले आहे. बर्गडॉर्फ गुडमन हे न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील अतिश्रीमंतांचे दुकान. मेल्यावरही आपली राख तिथेच राहावी असे वाटावे, इतका जीव दुकानात गुंतलेल्या बाईचा तो विनोद. चित्रपट पाहिल्यावर कळते की तो पुरता विनोद नाही.

पेण-रोह्याच्या वाचकाला या दुकानाशी काय देणेघेणे, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या अभ्यासगटात हा माहितीपट दाखवायचा ठरला तेव्हा दोन कार्यकर्त्यांनी तो विचारलाही. माझे उत्तर साधे होते. आपल्या वस्त्यांतली दहावी-बारावी झालेली मुले-मुली आज पनवेल, नवी मुंबई, मुंबईच्या मॉलमध्ये कामाला जातात. कोणी सेल्सला, कोणी हाउसकीपिंगला, कोणी सिक्युरिटीला. रोह्याहून दिव्याची गाडी पकडून दिवसभर काचेच्या आत उभे राहणाऱ्या या मुलांना ती काच कशी बनते हे माहीत असायला हवे. गरिबीचा अभ्यास आपण खूप करतो. समाजशास्त्राच्या वर्गातही झोपडपट्टीचे सर्वेक्षण करायला सगळे तयार असतात. श्रीमंतांचे सर्वेक्षण करायला कोणी जात नाही, कारण ते दारातच अडवतात. म्हणून असा माहितीपट हाती लागला की तो सोडू नये.

चित्रपटात काय आहे? मोठमोठे फॅशन डिझायनर, नट-नट्या, श्रीमंत गिऱ्हाइके या दुकानाचे गोडवे गातात. डेव्हिड होई नावाचा कलावंत नाताळासाठी दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजवतो, त्याची महिनोनमहिने चाललेली तयारी दिसते. त्या खिडक्यांत विकायचा माल नावालाच असतो. रस्त्यावरच्या माणसाने थांबून तोंडात बोट घालावे यासाठी तो सगळा खटाटोप. बेटी हॅलब्राइक नावाच्या वयोवृद्ध बाई दिसतात. श्रीमंत बायकांनी काय घालावे आणि काय घालू नये हे सांगणे ही त्यांची नोकरी होती. त्या स्पष्टवक्त्या होत्या आणि सगळ्या चित्रपटात मला आवडलेले माणूस तेवढेच. जॉन लेनन आणि योको ओनो यांनी नाताळच्या आदल्या दिवशी एका दमात सत्तरहून अधिक फरचे कोट घेतले, हा किस्साही मोठ्या कौतुकाने सांगितला जातो.

दुकानाचा इतिहास याहून बोलका आहे. १८९९ मध्ये हर्मन बर्गडॉर्फ या शिंप्याने ते सुरू केले. त्याच्याकडे काम करणारा एडविन गुडमन पुढे भागीदार आणि मग मालक झाला. १९२८ मध्ये दुकान आजच्या जागी आले. तिथे आधी व्हँडरबिल्ट या रेल्वेसम्राट घराण्याचा महाल होता. गुडमन कुटुंब दुकानाच्या वरच्याच मजल्यावर आलिशान घरात राहत असे. पण इमारतीत शिवणकामाचे कारखाने असल्यामुळे नियमाप्रमाणे तिथे कोणाला राहता येत नव्हते. मुभा होती ती फक्त इमारतीची देखभाल-झाडलोट करणाऱ्याला. मग मालकांनी काय केले? कागदावर स्वतःची नोंद झाडलोटवाला म्हणून केली.

आमच्या गटात यावर हशा पिकला. एक मुलगी म्हणाली, “ताई, आपल्याकडे कागदावरसुद्धा कोणी होणार नाही.” खरे आहे. जिथे झाडलोट हे काम असते आणि जात नसते, तिथे श्रीमंत माणूस सोयीसाठी ते नाव लावू शकतो. जिथे ते जन्माने चिकटते तिथे कागदावरची शाईसुद्धा विटाळते.

त्याच १८९९ साली अमेरिकेत थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थतज्ज्ञाचे ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ हे पुस्तक आले. समाजशास्त्र शिकलेल्यांना ते माहीत असते, इतरांसाठी थोडक्यात सांगते. व्हेब्लेनचे म्हणणे असे की श्रीमंत माणूस वस्तू केवळ वापरण्यासाठी घेत नाही, दाखवण्यासाठी घेतो. आपल्याला काम करावे लागत नाही आणि पैसा उधळला तरी फरक पडत नाही, हे इतरांना दिसले पाहिजे. म्हणून काही वस्तूंच्या बाबतीत बाजाराचा नेहमीचा नियम उलटा चालतो. भाव वाढला की मागणी घटण्याऐवजी वाढते, कारण भाव हाच त्या वस्तूचा गुण असतो. तीन लाखांची बॅग तीन हजारांना मिळू लागली तर तिला हात लावणारे पहिले गिऱ्हाईक निघून जाईल.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक उदाहरण घ्या. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने एका वर्षात सुमारे २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला, हे २०१८ मध्ये उघडकीस आले. सेल लावून तो स्वस्तात विकला असता तर नाव ‘खाली’ आले असते. गदारोळ झाल्यावर कंपनीने ही पद्धत बंद करण्याचे जाहीर केले. दुसरे उदाहरण इटलीचे. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओर कंपनीच्या एका उत्पादक शाखेवर देखरेख बसवली. उपठेकेदारांच्या कारखान्यांत कामगारांचे शोषण होत असल्याचे तपासात दिसले होते. जी बॅग दुकानात सुमारे २६०० युरोंना विकली जाते, ती बनवून देण्यासाठी उपठेकेदाराला कच्चा माल सोडून ५३ युरो मिळत होते. २०२५ मध्ये ती देखरेख उठली, पण हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ५३ आणि २६०० यांच्यामधल्या जागेत खिडकी, संगमरवर, जाहिरात, गुळगुळीत बोलणे आणि नफा बसतो.

माहितीपटात हे काहीच येत नाही. शिवणारे हात क्षणभर दिसले तर दिसले. दुकान रात्री बंद झाल्यावर त्या खिडक्या पुसायला कोण येते, हे कॅमेरा विचारत नाही. खरे तर तो दीड तासाची जाहिरातच आहे. पण जाहिरात नीट पाहिली तर मालक काय लपवतो हेही तिच्यात दिसते.

जाता जाता एक गोष्ट. हे दुकान १९१४ मध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर गेले, तेव्हा त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात एक भारतीय विद्यार्थी शिकत होता. १९१३ ते १९१६ ही बाबासाहेबांची न्यूयॉर्कमधली वर्षे. पोटाला चिमटा काढून वाचवलेले पैसे त्यांनी जुन्या पुस्तकांवर घातले.

आता मुंबईकडे येऊ. असली दुकाने आपल्याकडे नवीन नाहीत. इंग्रजांच्या काळात फोर्टमध्ये व्हाइटअवे लेडलॉ, काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होती. व्हाइटअवेच्या इमारतीत पुढे खादी भांडार आले, हा इतिहासाचा एक गमतीशीर सूड. १८९७ पासूनचे अकबरअलीज मध्यमवर्गाच्या ओळखीचे. पण आज दिसते ती अतिश्रीमंतीची बाजारपेठ वेगळी आहे. १ नोव्हेंबर २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात रिलायन्सचा जिओ वर्ल्ड प्लाझा उघडला. सुमारे साडेसात लाख चौरस फूट जागा, लुई व्हिताँ, गुची, डिओर, कार्टिए, बुल्गारी अशी नावे, आणि इमारतीचा आकार कमळावरून घेतलेला. २०२५ च्या अखेरीस पॅरिसचे गॅलरी लाफायेत हे डिपार्टमेंट स्टोअर आदित्य बिर्ला समूहाच्या भागीदारीत फोर्टमध्ये आले. म्हणजे बर्गडॉर्फचे भाऊबंद आपल्यापासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहेत.

लोअर परळचे पॅलेडियम फिनिक्स मिलच्या आवारात उभे आहे. १९०५ ची ही गिरणी. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही आणि गिरणगाव संपला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून त्या जागी मॉल, हॉटेले, टॉवर आले. कोकणातल्या कुठल्या घरात गिरणीची आठवण नाही? पण गिरणीच्या आठवणीतही दोन विभाग आहेत, हे नव्या पिढीला फारसे कोणी सांगत नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, अशी सवर्ण कामगारांची तक्रार. विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून आपल्या माणसांच्या वाट्याला कमी पगाराची खाती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. आज त्याच परळात हातमोजे घातलेला सेल्समन गिऱ्हाइकापुढे रेशमी वस्त्र अलगद उलगडतो. हातमोजे वस्त्राला डाग लागू नये म्हणून असतात, हे मला माहीत आहे. तरीही ते पाहताना धागा आठवतोच.

आपल्या रायगडचाही या श्रीमंतीशी जवळचा संबंध आहे. रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये पाताळगंगेला सुरू झाला. गिरणी संपाचेच वर्ष. रोहा तालुक्यातील नागोठण्याचा आयपीसीएलचा पेट्रोकेमिकल प्रकल्प सरकारी होता. २००२ च्या निर्गुंतवणुकीत कंपनीचा ताबा रिलायन्सकडे गेला. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांत महामुंबई सेझ येणार होते. त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांत सरकारला जनमत चाचणी घ्यावी लागली. पुढे भूसंपादन बारगळले. आजही तो लढा आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवा. मात्र त्या साऱ्या चर्चेत सातबारावाल्यांचा आवाज मोठा होता. ज्यांच्या नावावर गुंठाही नाही अशा आपल्या वाड्यांतल्या शेतमजुरांचे काय होणार, हा प्रश्न तेव्हाही मागच्याच रांगेत बसलेला होता.

या दुकानांची गिऱ्हाइके कोण? वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे ४०.१ टक्के संपत्ती आणि २२.६ टक्के उत्पन्न होते. याच संस्थेने अब्जाधीशांची जातनिहाय विभागणीही मांडली आहे. अब्जाधीशांच्या संपत्तीपैकी ८८.४ टक्के वाटा तथाकथित उच्च जातींकडे, ओबीसींकडे ९ टक्के, अनुसूचित जातींकडे २.६ टक्के आणि आदिवासींकडे काहीच नाही. म्हणून व्हेब्लेन भारतात आणायचा तर थोडा दुरुस्त करून आणावा लागतो. अमेरिकेत श्रीमंत माणूस वस्तू दाखवून आपला दर्जा सिद्ध करतो. इथे दर्जा आधीच जन्माने दिलेला असतो. वस्तू त्यावर फक्त शिक्का मारते. आणि ज्याला तो दर्जा दिलेला नाही त्याने तीच वस्तू घेतली तर तिचा अर्थच बदलतो. २०२३ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली. गॉगल बाजारात सगळ्यांना सारख्याच भावाने मिळतो, पण घालण्याची किंमत सगळ्यांना सारखी नाही.

म्हणूनच आपले काही ज्येष्ठ ‘पोरं ब्रँडच्या नादाला लागली’ म्हणून सरसकट ओरडतात तेव्हा मला ते पटत नाही. कपडा हा आपल्यासाठी कधीच नुसता कपडा नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेवेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. गुडघ्यावर लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, अंगभर नेसा, गळाभर माळा आणि कोपरापर्यंतच्या कथला-चांदीच्या गोठपाटल्या टाका, कारण त्या तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहेत, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी नेसण्याची पद्धत तिथल्या तिथे बदलली. हे आपल्याच जिल्ह्यात घडले. स्वतः बाबासाहेबांचा सूट आजही पुतळ्यांवर आहे, तो उगाच नाही.

पण महाडचा कपडा आणि शोरूमचा कपडा यांत गल्लत करू नये. महाडच्या बायांना त्या बदलासाठी कर्ज काढावे लागले नाही, आणि त्यांनी खूण टाकली ती सगळ्यांनी मिळून. आज मुलगा एकटा जातो, हप्त्यावर महागडा फोन किंवा बूट घेतो, नाहीतर ‘फर्स्ट कॉपी’ घेतो आणि कोणी ओळखेल म्हणून धास्तावतो. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या पगाराचा मोठा भाग हप्त्यांतच जातो. त्यांना मी ब्रँड सोडा असे म्हणत नाही. व्याजासकट त्या वस्तूची किंमत किती दिवसांच्या कामाएवढी होते, ते कागदावर लिहायला सांगते. बहुतेक जण आकडा लिहून गप्प बसतात. एकाने लिहिले, हिशेब पाहिला आणि तरीही बूट घेतले. ठीक आहे, डोळे उघडे ठेवून घेतले.

सगळ्यात बोलके उदाहरण मात्र पायातले आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांसाठी ज्या चपला दाखवल्या त्या हुबेहूब कोल्हापुरी होत्या. कोल्हापूरचे किंवा भारताचे नाव कुठे नव्हते. महाराष्ट्रात ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले आणि कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. हक्क महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाकडे आणि कर्नाटकच्या लिडकरकडे आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने या दोन्ही महामंडळांशी करार केला. सुमारे २००० जोड भारतात बनणार, किंमत जोडामागे सुमारे ८०० युरो.

वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘मराठी अस्मितेचा विजय’ वगैरे मथळे दिले. आनंद मलाही झाला, नाही असे नाही. पण ही चप्पल ज्यांनी पिढ्यान् पिढ्या बनवली त्यांचे नाव या अस्मितेत किती वेळा आले ते आठवून पाहा. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणारा, ते कमावणारा, चप्पल शिवणारा, या तिघांनाही गावाने शिवून घेतले नाही. त्यांची वस्तू मात्र घरात, देवळाच्या पायरीपर्यंत चालली. पुढे तीच ‘आपली परंपरा’ झाली. आता प्राडाच्या काचेमागे ती ठेवली जाईल तेव्हा खिडकी सजवणाऱ्याचे नाव होईल, डिझायनरचे होईल. ८०० युरोंपैकी कारागिराच्या हातात नक्की किती पडले, हे करारातून बाहेर येईल का, हे आपण विचारायला हवे. महामंडळ सरकारी आहे. माहितीचा अधिकार लागू आहे. कोल्हापूर-सांगलीच्या कार्यकर्त्यांनी हा अर्ज करावा असे मला मनापासून वाटते. आमच्याकडून मसुदा हवा असेल तर देऊ.

शेवटी नोकरीवर असलेल्या मुला-मुलींसाठी काही कामाच्या गोष्टी. माहितीपटातल्या विक्रेत्यांना विक्रीवर घसघशीत कमिशन मिळते. आपल्याकडे ‘टार्गेट’ असते, आणि ते पुरे झाले नाही तर इन्सेन्टिव्ह बुडतो. नेमणूक पत्रात मूळ पगार किती आणि इन्सेन्टिव्ह किती हे वेगळे लिहिले आहे का ते पाहा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ प्रमाणे आठवड्याला एक सुट्टी, सलग काही तासांच्या कामानंतर विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला हे हक्क आहेत. दिवसाची मर्यादा नऊ तासांची होती. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती दहा करायला मान्यता दिली. तेव्हा वेळापत्रक बदलले असेल तर जादा तासांचा हिशेब लेखी मागा. रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना त्यांच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू होतो. पगारातून कापले जाते पण कार्डच दिलेले नाही, अशी मुले मला रोह्यातही भेटली आहेत. हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीवाले बहुधा ठेकेदाराचे असतात. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य आस्थापनेवर येते, हे लक्षात ठेवा.

आणि बसण्याचा हक्क. दुकानात दिवसभर उभे राहून पाय सुजतात, मूत्रमार्गाचे आजार होतात, मासिक पाळीत हाल होतात. केरळमध्ये कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी यासाठी अनेक वर्षे आंदोलन केले. तिथे २०१८ मध्ये कायदा बदलला आणि कामगारांना बसण्याची सोय देणे दुकानदाराला बंधनकारक झाले. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. आमच्या गटातल्या एका मुलीने माहितीपट संपल्यावर विचारले होते की त्या एवढ्या मोठ्या दुकानात सेल्सच्या बायकांना बसायला स्टूल होते का. आम्ही चित्रपट मागे नेऊन पाहिला. खुर्च्या बऱ्याच होत्या, मखमली, सगळ्या गिऱ्हाइकांसाठी.